‘अनफिट’ लिहिण्याचा धंदा : आमची वाटचाल

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या शेडवर ‘मशिनरी मेंटेनन्स’ अशी साधी पाटी आहे. पण गल्लीत कुणालाही विचारा, ‘ते हेलिकॉप्टरवाले होय?’ म्हणून पत्ता सांगतील. शेडमध्ये हेलिकॉप्टर नाही, कधी नव्हतं. आहेत ते गिअरबॉक्स, ब्लोअर आणि कॉम्प्रेसर. साखर कारखाने, फाउंड्र्या आणि बेदाण्याची कोल्ड स्टोरेज ही आमची गिऱ्हाइकं.

हेलिकॉप्टरवाले म्हणजे आम्ही दोघं. मी तासगाव तालुक्यातला, साताऱ्याच्या सैनिक स्कूलमध्ये शिकलेला. आर्मी एव्हिएशनमध्ये चीता हेलिकॉप्टर उडवलं आणि २०१८ मध्ये लेफ्टनंट कर्नल म्हणून बाहेर पडलो. माझे भागीदार ईएमईमधले, म्हणजे लष्कराची यंत्रं सांभाळणाऱ्या दलातले, सुभेदार; साताऱ्याकडच्या घरटी एक फौजी असलेल्या गावातले. युनिटची मेंटेनन्स त्यांच्या हातात होती. आज कागदोपत्री आम्ही निम्म्या-निम्म्या हिश्शाचे मालक आहोत, तरी ते मला ‘सर’ म्हणतात आणि मी त्यांना ‘सुभेदारसाहेब’. आता ते बदलेल असं वाटत नाही.

पायलटला बाहेर काम मिळतं. केदारनाथचा हंगाम असतो, जुहूहून समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर ने-आण असते, निवडणुका आल्या की पुढाऱ्यांचे दौरे असतात. पण वडील थकले होते, द्राक्षबाग वाऱ्यावर होती, आणि घर सोडून महिनोन्‌महिने राहणं फौजेत पुरेसं झालं होतं.

सुभेदारसाहेबांचं तसं नव्हतं, आणि ते मला आजही खटकतं. चीताचं इंजिन डोळे मिटून उघडणारा हा माणूस. पण नागरी हँगरमध्ये विमानाच्या कागदावर सही करायची तर डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या, मॉड्यूल परीक्षा नव्याने द्यायच्या, वर नागरी विमानांवरचा अनुभव वेगळा दाखवायचा. नियमामागचं कारण मला कळतं. फौजेतली मशिनं वेगळी, कागद वेगळे. पण पोरं कॉलेजात असताना बापानं परत अभ्यासाला बसायचं म्हणजे घर कोणी चालवायचं? त्यांना चालून आलेली नोकरी होती एका गोदामाच्या सिक्युरिटी सुपरवायझरची.

मी म्हटलं, “सुभेदारसाहेब, गेटवर उभं राहायचं नाही. आपण काहीतरी काढू.”

“काय काढायचं सर? आपल्याला धंदा कुठं येतो?”

“तुम्हाला मशिन येतं. धंदा शिकू.”

चीता एका इंजिनाचं हेलिकॉप्टर. सियाचिनमध्ये वीस हजार फुटांच्या आसपासच्या चौक्यांवर ते रॉकेलचे एखाद-दोन जेरीकॅन पोचवतं आणि पंखा फिरता ठेवूनच परत उठतं, कारण एवढ्या उंचीवर बंद केलेलं इंजिन पुन्हा सुरू होईल याची खात्री नसते. अशा ठिकाणी पायलट कशाच्या भरवशावर जातो? टेक्निशियनच्या वहीतल्या सहीच्या. सुभेदारसाहेबांनी ‘अनफिट’ लिहिलं की विषय संपला. मी रँकनं कितीही वरचा असलो तरी त्या शेऱ्यावर माझं चालत नसे, आणि चालू नये अशीच रचना होती.

कारखान्यात नेमकं हेच नाही. तिथला फिटर कमी हुशार असतो असं कुणी म्हणू नये. १९१० पासून किर्लोस्करवाडी, म्हणजे किर्लोस्करांच्या कारखान्याची वसाहत, ज्या जिल्ह्यात आहे तिथं लोखंडाची भाषा कळणारी माणसं पैशाला पासरी मिळतात. बेअरिंगचा आवाज बदललाय हे फिटरला आठवडाभर आधी कळलेलं असतं, पण तो बोलत नाही. चालू मशिन बंद करा म्हणणाऱ्याला कोण विचारतो? आणि बंद करून आत काही निघालं नाही तर शिव्या त्यालाच. ते वाईटपण बाहेरच्यानं घ्यायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे, एवढाच आमचा धंदा.

सुरुवातीला कुणी दारात उभं केलं नाही. मग ऑगस्ट २०१९ चा महापूर आला, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. पाणी ओसरल्यावर गिअरबॉक्स उघडले तर तेलाऐवजी गढूळ चहा निघायचा. लोकांना मोटारी लवकर फिरवून बघायची घाई. सुभेदारसाहेब मात्र बेअरिंग बदलल्याशिवाय स्विचला हात लावू देत नव्हते. त्या दिवसांत जी ओळख झाली, तिच्यावर पुढची कामं आली.

आमचं मुख्य हत्यार म्हणजे एक चुंबक. हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्सला तळाशी चुंबकाचा प्लग असतो; तसाच आम्ही कारखान्याच्या गिअरबॉक्सला बसवतो. ठरलेल्या दिवशी काढायचा, पांढऱ्या कापडावर पुसायचा आणि बोटांत चोळायचा. राखाडी, मऊ लगदा असेल तर ती रोजची झीज. चमकणारी पापुद्र्यासारखी कपची आली आणि नखाला टोचली, तर बेअरिंग सोलायला लागलंय. पितळेचा कण चुंबकाला चिकटत नाही, म्हणून तेल वेगळं गाळून बघायचं. व्हायब्रेशन मोजायचं यंत्रही आहे, पण सुभेदारसाहेब आधी कापड बघतात.

एका साखर कारखान्यात मिलच्या गिअरबॉक्समध्ये अशाच कपच्या निघाल्या. गळीत हंगाम तोंडावर आलेला, हंगामाच्या शुभारंभाच्या गव्हाण पूजनाची पत्रिका छापून झालेली. आम्ही ‘अनफिट’ लिहिलं. चीफ इंजिनिअर म्हणाले, “साहेब, तुम्ही फक्त ‘देखरेखीखाली चालवावे’ असं लिहा.” आम्ही लिहिलं नाही. काम गेलं, बिलही अडकलं. आणि तो गिअरबॉक्स अख्खा हंगाम पळाला! मार्चमध्ये चीफ इंजिनिअरांचा फोन आला, “पळाला की हो तुमचा गिअरबॉक्स.” मी अभिनंदन केलं. मेमध्ये उघडला तेव्हा बेअरिंगच्या आतल्या कड्यावर रुपयाएवढा खळगा होता. हंगामात गेला असता तर? दारात ट्रॅक्टरांची आणि बैलगाड्यांची रांग, तोडलेला ऊस वाळतोय, वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही घटतंय. पण गेला नाही, हेही खरंच. आमचं काम भविष्य सांगण्याचं नाही, हे गिऱ्हाइकाला पटवणं अजून अवघड जातं. त्या कारखान्याचं काम आता परत आमच्याकडे आहे, मात्र अहवालाची एक प्रत थेट कार्यकारी संचालकांकडे जाईल ही अट करारात घालून.

आमची आणखी एक खोड म्हणजे पाने मोजणं. फळीवर प्रत्येक पान्याचा आकार लाल रंगात रेखलेला आहे. जागा रिकामी दिसली की मशिन सुरू होत नाही. एका फाउंड्रीत तेरा नंबरचा पाना कमी भरला तेव्हा सुपरवायझर वैतागून म्हणाला, “नवा देतो की तुम्हाला, चालू करा.” सुभेदारसाहेब ब्लोअरसमोर खुर्ची टाकून बसले. पाना शेवटी चिंध्यांच्या पोत्यात सापडला.

पैशाचं शिक्षण मात्र महागात पडलं. फौजेत बेअरिंगची किंमत कधी विचारली नव्हती. इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, टाकायचा आणि वाट बघायची. इथं कोटेशन, जीएसटी आणि उधारी. छोट्या उद्योगाचं बिल ४५ दिवसांत द्यावं असं कायदा म्हणतो. गिऱ्हाईक म्हणतं, ‘पुढच्या आठवड्यात बघू.’ वसुलीचं खातं आता माझ्या बायकोकडे आहे. त्यानंतर फरक पडला.

ड्रोन का काढत नाही, असं सगळे विचारतात. उभ्या उसात फवारणीला ड्रोन चांगलाच, पण पायलट म्हणून मला विकत घेणाऱ्यांपेक्षा सुभेदारसाहेबांची सही विकत घेणारे जास्त असावेत, असं मला वाटतं.

सध्या आयटीआयची चार मुलं शिकाऊ आहेत. पहिले काही महिने त्यांना पाना मिळत नाही, वहीच मिळते. करार आम्ही वर्षाचे करतो. करार नसताना बिघडल्यावर बोलावलंत तरी येऊ, रात्री-अपरात्रीही येऊ, फक्त दर दुप्पट लागेल. तोही वसुली खात्याचाच निर्णय.