ओट्याचे पल्ले, सहावा रविवार: रंगाचा बेत निम्मा मोडला

मागच्या वेळी मी ठासून लिहिलं होतं की स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या कपाटांच्या सगळ्या ११ पल्ल्यांना पांढरा रंगच देणार. ते विसरा. आता आठ पॉलिशला आणि तीन रंगाला. किंवा सात आणि चार, ते पुढे येतंच.

वरचे आठ पल्ले बाबांनी १९९४ मध्ये लकडगंजातून, म्हणजे नागपूरच्या लाकूडबाजारातून, सागवान आणून करून घेतलेले. सिंकखालचे तीन पाण्याने फुगले म्हणून मी मागच्या वर्षी प्लायचे केले. सुरुवात सागवानाच्या एका पल्ल्यापासून केली. जुनं पॉलिश काढलं, १२० आणि १८० नंबरचा घासकागद मारला, प्रायमर दिला, वर इनॅमलचे दोन हात. दोन दिवस दुधासारखा दिसला. तिसऱ्या दिवशी गाठीजवळ चहा सांडल्यासारखा पिवळट डाग. वरून आणखी एक हात मारला, डाग परत वर आला.

शेजारच्या कामावरचे मिस्त्रीकाका बघून हसले. "सागवान तेल सोडतेच ना भाऊ. काहून रंग फासला त्याले?"

लाकडातलं तेल आणि रंगद्रव्य प्रायमरमधून झिरपतं. आधी चपडीचा, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा, हात देऊन ते कोंडावं लागतं. वर पीयू (पॉलियुरेथेनचा पारदर्शक लेप) मारणार असाल तर मेण काढलेली लाख घ्या, नाहीतर पीयू नीट धरत नाही.

मग म्हटलं, रंग काढून पल्ला मूळपदावर आणू. रिमूव्हर लावला, खरवडला, घासला. रंग निघाला, पण सागाच्या उघड्या रेषांमध्ये पांढरं पिठासारखं अडकून बसलं ते बसलंच. दाभणाने एक रेष कोरून पाहिली, बोटभर लांबीला पंधरा मिनिटं लागली. नाद सोडला. पॉलिशवर रंग केव्हाही चढवता येतो, उलटा रस्ता जवळजवळ बंदच. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर! (सांगितलं होतं. आईने.)

उरलेल्या सातांवर आधी थिनरचा ओला बोळा फिरवून पाहिला. ओलं लाकूड दिसतं साधारण तसंच क्लिअर पॉलिशखाली दिसणार. तो तपकिरी रंग बघितल्यावर पांढऱ्याचा मोह गेला. वॉलनट स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा अक्रोडी रंग, अगदी हलका घेतला, कारण एका पल्ल्यात जुनं आणि नंतर बदललेलं लाकूड शेजारीशेजारी आहे, ते जुळवायचं होतं. घासणं १८० वरच थांबवलं. फार गुळगुळीत केलं की स्टेन नीट चढत नाही.

पहिला पल्ला सकाळी अकराला गच्चीवर घेतला, हा शुद्ध गाढवपणा. नागपूरचा मे. स्टेन पुसायच्या आत वाळला आणि पट्टे उमटले. पुढचे सगळे सकाळी सहाला, जिन्याखालच्या सावलीत. हातभर भाग लावायचा, दोन मिनिटांनी रेषेच्या दिशेने पुसायचा. दिल्ह्याच्या, म्हणजे पल्ल्यातल्या मधल्या फळीच्या, कडा चौकटीच्या खाचेत जातात तिथपर्यंत चिंधी कोंबून स्टेन पोचवला. उन्हाळ्यात दिल्हा आकसला की तिथे कोऱ्या लाकडाची पांढरी रेघ उघडी पडते. रंगात हाच सांधा केसाएवढा तडकतो.

स्टेन जवसाच्या तेलातला असेल तर चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना आतल्या आत तापतं आणि चिंध्या आपोआप पेटू शकतात. मी दोरीवर एकेक पसरून वाळवल्या. सगळा मोहल्ला बघत होता.

प्लायच्या तिघांना मात्र रंगच. वरचा पापुद्रा लालसर आणि ठिगळठिगळ, स्टेन देऊन त्यात दाखवायचं काय? लांबी (पुटी) भरली, कडांना प्रायमरचे दोन हात जास्त दिले, कारण पाणी शिरतं ते कडेतूनच. इनॅमल हाताला कोरडं लागतंय, पण नख अजून रुततं. म्हणून बिजागऱ्या पंधरा दिवस तरी लावणार नाही, पल्ले चौकटीला चिकटतील.

सातांवर सीलरचा, म्हणजे लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या पहिल्या लेपाचा, एक हात झालाय. पुढच्या रविवारी ३२० नंबरचा कागद फिरवून मॅट पीयू. पावसाच्या आत उरकायचंय. तो फसलेला आठवा सिंकखालच्या रांगेत पांढराच लावतोय. त्याच्या जागी वर प्लायच्या तिघांतला एक पांढरा जाईल, अगदी कोपऱ्यात. फक्त रुंदीला आठवा ४ मिलिमीटर कमी भरतोय, एका बाजूला पट्टी मारावी लागेल.