दोन्ही हात पसरलेला माणूस

व्यापारी जहाजावरील अधिकारीपदावरून निवृत्त झाल्यावर मी सोलापुरात, जहाजावर नोकरी करू इच्छिणाऱ्या मुलामुलींना शिकवतो. अक्कलकोट, बार्शी, मंगळवेढ्याकडून येणाऱ्या या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नसतो, म्हणून संकटसंकेतांचा पाठ मी पाठांतरावर सोडत नाही. त्या दिवशी पडद्यावर एकेक दृश्य दाखवून, पहाऱ्यावर तुम्ही असाल तर काय कराल, एवढेच लिहायला सांगितले.

किमान 300 मीटर उंची गाठून 40 सेकंद जळत राहणारा पॅराशूट रॉकेटचा तांबडा प्रकाश सर्वांनी ओळखला. नारिंगी धूरही बहुतेकांना कळला. रडारवर एका रेषेत उमटलेले 12 ठिपके मात्र अनेकांनी यंत्रातील बिघाड समजून सोडून दिले. ती जीवरक्षक तराफ्यावरील ट्रान्सपॉन्डरची, म्हणजे रडारला आपोआप उत्तर देणाऱ्या यंत्राची, हाक असते आणि जहाज जवळ जाऊ लागले की त्या ठिपक्यांचे कंस व अखेर वर्तुळे होतात.

पुढच्या चित्रफितीत एका लहान मासेमारी नौकेवर उभा असलेला माणूस हात हलवत होता. ‘आपणही हात हलवू,’ असे जवळजवळ सर्वांनी लिहिले. उजनीच्या फुगवट्यालगतच्या गावातील एका विद्यार्थिनीने मात्र ‘जहाज वळवून जवळ जाऊ’ असे लिहिले होते. कारण विचारताच ती म्हणाली, “सर, रामराम करणारा माणूस एक हात भराभर हलवतो. हा दोन्ही हात पसरून सावकाश वर-खाली करतोय आणि थांबतच नाहीये.”

सागरी टक्कर टाळण्यासाठीच्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांच्या चौथ्या परिशिष्टातील संकटसंकेतांच्या यादीत हा संकेत असाच दिलेला आहे: दोन्ही बाजूंना पसरलेले हात सावकाश, पुनःपुन्हा वर-खाली करणे. माझ्या मते त्या यादीतील हा सर्वांत मोलाचा संकेत आहे, कारण ज्याचा रेडिओ भिजला आहे आणि ज्याच्याजवळचे फ्लेअर, म्हणजे पेटवायचे प्रकाशसंकेत, संपले आहेत, त्याच्यापाशी एवढेच उरते; आणि मोठ्या जहाजाच्या उंच ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षातून, नेमका हाच नजरेतून निसटतो.

“पण तो खरोखरच नुसता हात हलवत असेल तर?” एकाने विचारले. मी सांगितले, की वेळ आणि दिशा टिपून कप्तानाला ताबडतोब बोलवावे, व्हीएचएफ रेडिओच्या 16 क्रमांकाच्या चॅनेलवर हाक द्यावी, तटरक्षक दलाच्या मुंबईतील बचाव समन्वय केंद्राला कळवावे आणि जवळ जाऊन पाहावे. गैरसमज निघाला, तर तसे नोंदवहीत लिहून पुढे निघावे.