पहार कोणाची?

आमच्या घरची पहार गेल्या वर्षीच्या मे महिन्यापासून बेपत्ता होती. पाच फूट लांब, एक टोक चपटं, दुसरं अणकुचीदार आणि मधला भाग दोन पिढ्यांच्या तळहातांनी घासून गुळगुळीत केलेला. विहीर खणायच्या वेळी वडिलांनी कुडाळच्या बाजारातून आणलेली. माझा संशय मास्तरांवर. मास्तर म्हणत, "मी परत दिलंय." कधी दिली? "दिलंय म्हणजे दिलंय!" निवृत्त हेडमास्तरांशी यापुढे बोलता येत नाही.

आम्ही चौघं. मास्तर, तात्या, मुंबईतली नोकरी संपवून गावी परतलेला भाऊ आणि मी. चौघांपैकी कोणाचंच पोट शेतीवर नाही, त्यामुळे शेतीबद्दलची मतं फार ठाम. संध्याकाळी पाच वाजले की भाऊच्या खळ्यात खुर्च्या पडतात, वहिनी चहा देतात आणि 'तुका काय कळता' या विषयावर दिवेलागणीपर्यंत चर्चा होते.

सध्याचा वाद ग्रासकटरचा. भाऊने तो आणला तेव्हा पहिल्याच पावसात मोटरसायकलला भरतात तसं नुसतं पेट्रोल भरलं. मशीन टू-स्ट्रोक, त्याला ऑइल पेट्रोलमधूनच मिळायचं. अर्धा तास गवत सपासप पडलं, मग एक चिरका आवाज आला आणि सगळं शांत. पिस्टन सिलिंडरमध्ये धरला होता. दुरुस्तीचा खर्च भाऊने आजवर सांगितलेला नाही, वहिनींनी पै-पैशासकट सांगितला आहे. तेव्हापासून भाऊ खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने ऑइल मोजतो. डब्यावर एकास पन्नास लिहिलंय, म्हणजे लिटरला 20 मिली, दोन झाकणं. तात्या म्हणतो चाळीस मिली घाल, मशीनचा जीव राहील. मास्तर म्हणतात चाळीस घातलंस तर धूर एवढा येईल की गवत आपणच मरेल.

तात्याचा मुळात मशीनवरच विश्वास नाही. तो कोयत्याचा माणूस. त्याच्या कुऱ्हाडीला धामणीच्या लाकडाचा दांडा आहे आणि त्याबद्दल तो चहा थंड होईपर्यंत बोलू शकतो. धामण लवचिक, घाव घातला की धक्का लाकूड पिऊन टाकतं, मनगटापर्यंत येऊ देत नाही. हे अगदी खरं आहे. मी त्याची कुऱ्हाड चालवून पाहिली आहे. बाजारातल्या तयार दांड्याने तळहाताला झिणझिण्या येतात, तशा इथे येत नाहीत. फक्त हे त्याच्यासमोर कबूल करायचं नाही, एवढं आम्ही तिघांनी ठरवलंय.

तात्याकडे आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूकही आहे, शेती संरक्षणाच्या लायसनची. माकडांवर नेम धरायचा नाही, बागेत नुसता बार काढायचा. पण निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा. 2024 साली लोकसभा आणि विधानसभा, दोन्हींना ती ठाण्यात राहून आली. त्यात लोकसभेची आचारसंहिता मार्चच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे नेमका काजू आणि आंब्याचा हंगाम. "माकडांका आचारसंहिता लागू नाय ती!" असं तात्या रोज ओरडायचा. माकडं काजूची बोंडं खाऊन बिया खाली टाकत होती. भाऊचं म्हणणं, निदान गोळा करायची मजुरी तरी वाचली.

मास्तरांकडे छऱ्यांची एअरगन आहे. तिला माकडं घाबरत नाहीत, उलट जवळ येऊन बघतात. म्हणून ती आमच्या नेमबाजीला. गडग्यावर, म्हणजे दगड रचून केलेल्या बांधावर, करवंट्या मांडायच्या आणि दहा पावलांवरून उडवायच्या. मास्तरांनी एकदा वाचून सांगितलं की दहा मीटर रायफलच्या खऱ्या निशाण्यावर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. भाऊने चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "तो दिसता कोणाक?"

मग 1 ऑगस्ट 2024 ला स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकला 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा. आमचा फोंडा घाट चढला की राधानगरी, म्हणजे जवळजवळ शेजारीच. झालं, पावसाने उघडीप देताच भाऊने टेप लावून जांभळीपासून गोठ्यापर्यंत पन्नास मीटर मोजले. तीन पोझिशन म्हणजे गुडघ्यावर, पोटावर आणि उभ्याने. गुडघ्यावरची मास्तरांच्या गुडघ्यांमुळे पहिल्याच फेरीत रद्द झाली. पोटावरची भाऊने केली. चटईवर आडवा झाला, एक डोळा मिटला, श्वास धरला, आणि नेमके हुमले, म्हणजे झाडावरच्या तांबड्या मुंग्या, चढले. जांभळीखाली चटई घालणाऱ्याला दुसरं काय मिळणार! छर्रा कुठे गेला ते अजून कळलेलं नाही. भाऊ मात्र जिथल्या तिथे पडून ओरडत होता, "हसतास काय मेल्यांनो, उठवा माका!"

माझ्यावर हसायची पाळी यंदाच्या जुलैत आली. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात मी बागेच्या उताराला जांभ्याचा गडगा घातला होता. चार माणसांचा चार दिवसांचा गाजावाजा. गडगा कोरडा रचतात हे मलाही ठाऊक, पण म्हटलं आपण पक्कं काम करू, आणि सांध्यांत सिमेंट भरलं. पहिला पावसाळा गेला, मी तोऱ्यात. दुसऱ्या पावसाळ्यात, रात्रभर पडला तेव्हा, पहाटे धडाड असा आवाज आला. मागे तुंबलेल्या पाण्याने वीस फूट गडगा पुढे लोटून दिला होता.

तिघेही न बोलावता आले. तात्याने एक चिरा पायाने उलटा केला. "पाण्याक वाट खय ठेवलंस?"

मी काही बोललो नाही.

"गडगो न्हय ह्यो," मास्तर म्हणाले, "धरण!"

पाऊस ओसरल्यावर आम्ही सिमेंट फोडून चिरे वेगळे करायला लागलो. पाया सोडवताना भाऊची कुदळ कशावर तरी खणकन वाजली. चिऱ्यांच्या दोन रांगांमध्ये भरलेल्या डबरात, सिमेंटात रुतून, पाच फूट लांब काहीतरी आडवं पडलं होतं. एक टोक चपटं, दुसरं अणकुचीदार.

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. वर्षभराचं ते बघणं होतं.

तात्याने खाली बसून पहार नीट न्याहाळली, तिच्यावरचं सिमेंट नखाने खरवडलं आणि गंभीरपणे म्हणाला, "म्हणजे सिमेंटात लोखंड पण घातल्यान हुता. आरसीसी! तरीय पडलो?"