निराधारचा पगार मंजूर झाला, पण चार महिने खात्यात आलाच नाही

डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झाला. कॅलिपर घालून चालते, घरी ब्लाउज शिवते. दरमहा सरकारी मदत देणाऱ्या संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज केला (त्या मदतीलाच आम्ही 'पगार' म्हणतो), तेव्हा कागदांचीच धास्ती वाटत होती. पण कागद झाले. सरकारी दवाखान्यातल्या बोर्डाने ५५ टक्के लिहिले, पिवळ्या पट्टीचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, पोस्टाने घरी आलं, तहसीलच्या समितीने अर्ज मंजूर केला. निदान ४० टक्के अपंगत्व लागतं, दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार आहे आणि महाराष्ट्रातला पंधरा वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. एवढं जुळलं तर अर्जाला घाबरू नका.

खरा छळ झाला तो मंजुरीनंतर.

पहिला महिना गेला, दुसरा गेला. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना दीड हजाराऐवजी अडीच हजार मिळतात, गावातल्या दुसऱ्या लाभार्थ्यांच्या खात्यात ते आलेही होते. मी घनसावंगीला तहसीलमध्ये गेले. खिडकीतल्या बाबूंनी संगणकात पाहिलं आणि म्हणाले, "ताई, पैसे तर कवाच गेले. बँकेत पाहा." बँकेला अकरा पायऱ्या, उताराचा रस्ता नाही. कठडा धरून एकेक पायरी चढले. पासबुक मशीनमध्ये घातलं, ते कोरंच बाहेर आलं. "आमच्याकडं काही आलं नाही, तहसीलला विचारा." आधार जोडलंय का, असंही मी विचारलं. "जोडलेलं आहे."

अशा पाच खेपा केल्या. एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे, कार्ड सोबत ठेवा. पण शिलाईचा दिवस बुडतो त्याला सवलत नाही. पाचव्या खेपेला त्या पायऱ्यांवरच बसले आणि रडू आलं. पैसे गेले म्हणतात, आले नाहीत म्हणतात, मग मधे राहिले कुठं?

उत्तर शेजारच्या बारावीतल्या पोरीने दिलं. तिने माझ्या मोबाइलवर आधारची वेबसाइट उघडली, नंबर टाकला, ओटीपी घेतला आणि 'बँक सीडिंग स्टेटस' पाहिलं. तिथं परतूरच्या बँकेचं नाव! लग्नाआधी माहेरी काढलेलं जनधन खातं. दहा वर्षं त्याची आठवणही नव्हती.

तेव्हा कुठं कळलं की 'आधार जोडलंय' याचे दोन अर्थ होतात. खातं उघडताना ओळखीसाठी आधार देतो ते वेगळं. सरकारी पैसे कोणत्या बँकेत टाकायचे ते आधारवरून ठरतं, ते सीडिंग वेगळं. ते एका वेळी एकाच बँकेला असतं. अर्जावर मी नवा खाते क्रमांक लिहिला होता, पण पैसे आधारच्या मागे जुन्या बँकेत गेले. एवढं एक वाक्य त्या दोन खिडक्यांपैकी कुणीही पहिल्याच दिवशी सांगू शकलं असतं. याचा राग अजून जात नाही.

म्हणून तहसीलला "पैसे आले का" असं विचारू नका, "कोणत्या बँकेत गेले" असं विचारा. अर्ज द्यायच्या आधीच सीडिंग तपासा. आधारला मोबाइल नंबर जोडलेला नसेल तर आधी ते काम करा, नाहीतर ओटीपीच येत नाही. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदतही पाहून ठेवा. आणि दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो, तो चुकला तर चालू पगार थांबतो.

परतूरला भावाच्या मोटारसायकलवर गेले. केवायसी नवी करून घेतली. पासबुकाचं यंत्र करकरलं आणि चार ओळी उमटल्या, प्रत्येक ओळीत २,५००. मी भावाला तिथंच दाखवल्या. तो म्हणाला, "अक्का, आधी पैसे काढ, मग बघत बस."

पुढच्याच आठवड्यात घनसावंगीच्या बँकेत सीडिंगचा फॉर्म भरला आणि शिक्का मारलेली पोच हातात घेऊनच पायऱ्या उतरले.