रजिस्टर क्रमांक १९१४

आज कामानिमित्त साताऱ्यात होतो. काम अर्ध्या तासात उरकलं, मग पाय आपोआप राजवाड्याकडे वळले. प्रतापसिंह हायस्कूल बघायचं कधीचं मनात होतं.

७ नोव्हेंबर १९०० रोजी सुभेदार रामजींचा धाकटा मुलगा इथे इंग्रजी पहिलीत दाखल झाला. तेव्हा हे गव्हर्नमेंट हायस्कूल होतं, राजवाड्यातच भरायचं. रजिस्टरच्या त्या पानाचा फोटो मी कितीदा झूम करून पाहिलाय: क्रमांक १९१४, भिवा रामजी आंबेडकर. समोर सही. नऊ वर्षांच्या पोराची! पुढे हीच व्यक्ती राज्यघटनेच्या मसुदा समितीची अध्यक्ष होणार, हे तो दाखला लिहिणाऱ्या कारकुनाच्या स्वप्नातही नसेल. वर्गात वेगळं बसावं लागायचं, पाण्याच्या भांड्याला हात लावायची सोय नव्हती. १९०४ पर्यंत तो मुलगा इथे शिकला, मग घर मुंबईला गेलं.

गंमत नावाचीही आहे. ज्या छत्रपती प्रतापसिंहांना इंग्रजांनी १८३९ मध्ये गादीवरून काढून काशीला धाडलं, त्यांचंच नाव इंग्रजांच्या सरकारी शाळेला मिळालं. बरं झालं!

२०१७ पासून ७ नोव्हेंबर राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. आमच्या वेळी असता तर भाषणाला एक विषय वाढला असता, आणि मी नेहमीप्रमाणे दुसरं वाक्य विसरलो असतो.

निघताना समोरून दप्तर पाठीवर घेतलेला एक मुलगा पळत गेला. बुटाची लेस सुटलेली.