नरपुंगव कुठले!

पुण्यात ‘नरपुंगव’ हा शब्द आता फक्त टोमण्यापुरता उरलाय. गेटसमोर आडवी गाडी लावून गेलेल्याबद्दल आमच्या सोसायटीत हमखास विचारणा होते, “कोण हा नरपुंगव?”

माझ्याकडे रविवारी सकाळी पोरं गीता म्हणायला येतात. पहिल्या अध्यायातल्या पाचव्या श्लोकात ‘शैब्यश्च नरपुङ्गवः’ आलं की फिदीफिदी सुरू. पुंगव म्हणजे बैल, असं एकदा सांगून बसले. ‘भरतर्षभ’मधला ऋषभही बैलच, हेही सांगितलं. त्यावर एक चिरंजीव म्हणाले, “आजी, बाबा मला बैल म्हणतात ते मग कौतुकानं?”

नाही रे बाबा. नुसता बैल तो बैलच. ‘अमरकोशा’त, म्हणजे अमरसिंहाच्या जुन्या संस्कृत शब्दकोशात, चक्क यादीच आहे: व्याघ्र, पुंगव, ऋषभ, कुंजर, सिंह, शार्दूल, नाग वगैरे. हे समासात शेवटी आले की अर्थ ‘श्रेष्ठ’. वाघ, बैल, हत्ती, सगळे एकाच रांगेत! बैलाला वाघाच्या पंगतीला बसवणारी भाषा मला आवडते. आपण मराठीत त्याला पोळ्यापुरता मान देतो आणि एरवी ‘बैलोबा’.

अमराची दुसरी यादी मला जास्त प्रिय, तीही शेवटी जोडून ‘उत्तम’ म्हणायच्या शब्दांचीच. मतल्लिका, मचर्चिका, प्रकाण्ड, उद्घ, तल्लज. ‘गोप्रकाण्डम्’ म्हणजे उत्तम गाय. प्रकाण्ड म्हणजे झाडाचा बुंधा, मुळापासून फांद्या फुटेपर्यंतचा. मराठीत हा शब्द आला तो उडी मारून पुढे बसला, ‘प्रकांड पंडित’ झाला, आणि पंडिताखेरीज कुणाच्या वाटेला फारसा गेलाच नाही.

मतल्लिकेची तर आणखी गंमत. कशालाही जोडा, ती आपली स्त्रीलिंगीच राहते. घोडा असला तरी ‘अश्वमतल्लिका’! पोरांनी लगेच मिसळमतल्लिका, बाकरवडीमतल्लिका सुरू केलं. व्याकरणाला चालेल न चालेल, मी अडवलं नाही.

त्यांना हा शब्द मोठ्या कोशात दाखवावा म्हटलं, तर डेक्कन कॉलेजच्या संस्कृत महाकोशाचं काम १९४८ पासून चाललंय, शब्दपट्ट्या कोटीच्या घरात, आणि छापील खंड अजून ‘अ’तच. ‘म’ येईपर्यंत मी काही राहत नाही. वामन शिवराम आपट्यांचा १८९० चा कोश कपाटात आहे, त्यात मतल्लिका आहे. पुढच्या रविवारी तोच काढायचा.