गोणी कोण मोजते?

गडचिरोलीत ग्रामसभांचे तेंदूचे, म्हणजे बिडीच्या पानांचे, हिशेब लिहून देणं हे माझं काम. आदिवासी गाव व्यवहारात भोळं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा फळीवर, म्हणजे पानं मोजून घेतात तिथे, येऊन उभं राहावं. ७० पानांचा पुडा, १००० पुड्यांची गोणी. पानं कमी भरली की पुडा परत. मजुरी वेगळी, रॉयल्टी वेगळी, आणि ठेकेदाराचा करारनामा सभेत मोठ्याने वाचून घेतल्याशिवाय सही नाही.

अशाच एका गावात लोहखनिजाच्या प्रस्तावित खाणीसाठी कंपनीचे साहेब आले. हातात रंगीत पत्रक: शाळा, रुग्णवाहिका, शिलाई मशीन. (शिलाई मशीन नसलेलं पत्रक मी अजून पाहिलं नाही.) वनहक्काच्या सभेला निम्मं गाव लागतं, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. त्या दिवशी बायाच जास्त होत्या.

आकडे सांगायला मला बसवलं होतं. १०० रुपयांच्या खनिजावर सरकारची रॉयल्टी १५. लिलावातल्या खाणीचे रॉयल्टीच्या १० टक्के जिल्हा खनिज प्रतिष्ठानात (खाणबाधितांसाठीचा निधी), म्हणजे दीड रुपया. तोही जिल्ह्याच्या पेटीत, गावाच्या खात्यात नाही. लिलावात बोललेला हिस्सा राज्याच्या तिजोरीत. २०११ च्या खाण विधेयकात कोळसा सोडून बाकी खनिजांसाठी रॉयल्टीइतकीच रक्कम बाधितांसाठी ठेवली होती, म्हणजे पुरते १५. लोकसभा विसर्जित झाली, विधेयक बुडालं, कुणी हळहळलंही नाही.

मागून एका आजींनी विचारलं, "पण भाऊ, गोणी कोण मोजते?"

साहेबांना कळेना. मी सांगितलं, ट्रकच्या काट्यावर गावाचा माणूस असेल का, असं विचारतायत. ते म्हणाले, सगळं ऑनलाइन दिसतं. त्या गावात फोनला रेंज मिळवायला टेकडी चढावी लागते. माणूस वाईट नव्हता. "करार सरकारशी असतो बाई, गावाशी नाही," हे त्याने सरळ सांगून टाकलं. पत्रकावर मात्र ते कुठेच छापलेलं नव्हतं.

सभेने ठराव लिहिला: काट्यावर ग्रामसभेचा मुन्शी, रोजच्या पावतीची प्रत, आणि गावाशी वेगळा करार. साहेबांनी फोटो काढला, पोच दिली नाही.

ही अट कायद्यात कुठे टांगायची, ते मी अजून शोधतोय. पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या पंचायतींचा कायदा, त्यातली ग्रामसभेची शिफारस वाळू-मुरूमासारख्या गौण खनिजांपुरती. लोखंड त्यात येत नाही. उरते वनहक्काची संमती, म्हणजे जंगलाची जमीन खाणीला द्यायला ग्रामसभेचा होकार. ती अटीसह देता येते का, यावर दोन वकिलांनी मला दोन उत्तरं दिली आहेत.